स्कोल्ड, रिब्यूक, लॅम्बेस्ट: इंग्रजीत झापायचं कसं आणि झापलेलं ओळखायचं कसं

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. नोकरीला लागून तीनेक महिने झाले होते, टीममधले अर्धे लोक परदेशातले, आणि सोमवारच्या व्हिडिओ कॉलवर कोणीतरी सहज विचारलं की काय रे, मागचा आठवडा कसा गेला. शुक्रवारी मॅनेजरने मला चांगलंच झापलं होतं, रिपोर्टमधे दोन आकडे उलटसुलट झाले होते आणि चूक शंभर टक्के माझीच होती, तर मी हसत हसत सांगून टाकलं, "माय मॅनेजर फायर्ड मी ऑन फ्रायडे." कॉलवर एकदम शांतता. मग एकेक जण गंभीर आवाजात सॉरी टू हिअर दॅट म्हणायला लागला, एकीने तर चॅटमधे मला कुठल्यातरी दुसऱ्या जॉबची लिंक टाकली. मला कळेना एवढ्याशा बोलण्यावर ही माणसं इतकी का हळहळतायत, आणि त्यांना कळेना की नोकरी गेलेला माणूस सोमवारी सकाळी कॉलवर बसून हसतोय का.

फायर करणं, फायरिंग मिळणं हे आपल्या बोलण्यात झापण्यासाठी इतकं रुळलंय की ते इंग्रजी आहे असंच वाटतं. शब्द इंग्रजी आहे, अर्थ आपला आहे. बाकीच्या जगात फायर्ड मी म्हणजे कामावरून काढून टाकलं, बास. त्या दिवसापासून मी हे रागावण्याचे शब्द जरा नीट बघायला लागलो आणि लक्षात आलं की डिक्शनरी इथे फारशी कामाची नाही, कारण ती पंधरा शब्दांपुढे तेच ते लिहिते: रागावणे, दोष देणे, निंदा करणे. मग माणसाला वाटतं कुठलाही उचला, चालेल. चालत नाही. म्हणून ज्यांना हे शब्द मुळापासून शिकायचेत त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकलो त्या क्रमानेच लिहितोय.

पायरी १: आधी मराठीत काय म्हटलं असतं ते बघा

या खात्यात आपण गरीब नाही. कान टोचले, कानउघाडणी केली, समज दिली, झापलं, खडसावलं, धारेवर धरलं, फैलावर घेतलं, खरडपट्टी काढली, बिनपाण्याने केली, ठपका ठेवला, ताशेरे ओढले, वाभाडे काढले, तोंडसुख घेतलं, शिव्यांची लाखोली वाहिली. यातलं कुठलं कुठे वापरायचं हे शाळेत कोणी शिकवलं नाही तरी आपलं चुकत नाही. आई मुलाची कानउघाडणी करते, मुलावर ताशेरे ओढत नाही, ते काम कोर्टाचं. समीक्षक नाटकाचे वाभाडे काढतो, नाटकाला समज देत नाही. म्हणजे कोण, कोणाला, किती जोरात हे सगळं त्या शब्दातच भरलेलं असतं आणि आपल्याला ते ऐकूनच कळतं. इंग्रजीतही अगदी असंच आहे, फक्त तिथले कान आपल्याला नाहीत. तर इंग्रजी शब्द शोधण्याआधी प्रसंग मराठीत सांगून बघा, कुठला शब्द तोंडात येतो ते बघा, आणि मग त्याचा जोडीदार शोधा.

काही जोड्या तर बघण्यासारख्या जुळतात. वाभाडा म्हणजे कापडाला गेलेली मोठी फाट, आणि इंग्रजीत टेअर टू श्रेड्स म्हणजे फाडून चिंध्या करणं, दोन्हीकडे कापडच फाटतंय. शब्दांचे कोरडे ओढले याला टंग-लॅशिंग, लॅश म्हणजे चाबकाचा फटका. झापणं म्हणजे टेल ऑफ, धारेवर धरणं म्हणजे टेक टू टास्क, खडसावणं म्हणजे रिब्यूक. आणि खरडपट्टीचा जोडीदार तर इतका चपखल आहे की त्याच्यासाठी खाली वेगळी जागा ठेवलीये.

पायरी २: शब्द उचलण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न, समोरचा माणूस समोर आहे का. स्कोल्ड, टेल ऑफ, बिरेट, चाइड हे सगळे तोंडावर होतात. जो समोर नाही त्याला स्कोल्ड करता येत नाही, त्यामुळे "पेपरने सरकारला स्कोल्ड केलं" हे वाक्य विचित्र वाटतं, म्हणजे जणू सरकार मान खाली घालून पेपरसमोर उभं आहे. तिथे क्रिटिसाइज, स्लॅम, लॅम्बेस्ट. आणि पाठीमागे वाईट बोलत फिरणं असेल तर बॅड-माउथ.

दुसरा, वरून खाली आहे का बरोबरीत. रिप्रिमांड नेहमी वरून खाली येतो. तुम्ही तुमच्या बॉसला रिप्रिमांड करू शकत नाही, कितीही इच्छा असली तरी.

तिसरा, नोंद होतेय का. कागदावर राहणारं बोलणं आणि हवेत विरणारं बोलणं यांचे शब्द वेगळे आहेत, आणि ऑफिसात हा फरक पगारवाढीपर्यंत जाऊ शकतो.

पायरी ३: रोजचे शब्द, जे नव्वद टक्के वेळा पुरतात

स्कोल्ड हा पहिला शब्द आपण सगळे शिकतो आणि तोच सगळीकडे लावतो. पण आजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत स्कोल्डला लहान मूल, नाहीतर कुत्रं-मांजर लागतं. आई स्कोल्ड करते, बाई वर्गात स्कोल्ड करतात. पस्तीस वर्षांच्या माणसाने "माय बॉस स्कोल्डेड मी" म्हटलं तर व्याकरण बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर हाफ चड्डीतलं पोर उभं राहतं. त्याऐवजी ब्रिटिश ढंगाचं बोलायचं असेल तर "आय गॉट टोल्ड ऑफ", अमेरिकी ढंगाचं असेल तर "माय बॉस च्यूड मी आउट". च्यू आउट तिकडच्या सैन्यातल्या बोलीतून आलेला, चावून काढलं असं काहीतरी, त्यामुळे जरा रांगडा आहे, मित्रांमधे बोलायला ठीक, मेलमधे नको.

टिक ऑफ मात्र जपून वापरा. ब्रिटिश माणूस "शी टिक्ड मी ऑफ" म्हणाला तर तिने मला झापलं, अमेरिकी माणूस हेच म्हणाला तर तिच्यामुळे माझं डोकं फिरलं. एकात मी ऐकून घेतोय, दुसऱ्यात मी चिडलोय. दोन्हीकडचे लोक असतील तर हा शब्द टाळलेलाच बरा.

नॅग म्हणजे सारखी कटकट, तेच तेच परत परत सांगणं. त्यात जोर नसतो, चिकाटी असते. आणि लेक्चर देणं आपल्यासारखंच, डोस पाजणं, आवाज न चढवता.

आता स्कोल्डबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण जुनी पुस्तकं वाचताना अडखळाल. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या स्काल्ड म्हणजे कवी या शब्दावरून आला असावा असं मानतात, कारण हे कवी लोक पद्यातून एखाद्याची अशी टिंगल करायचे की त्याला तोंड दाखवायला जागा राहू नये. पुढे इंग्रजीत अ स्कोल्ड म्हणजे भांडखोर, कजाग बाई असा अर्थ झाला, आणि एवढ्यावर भागलं नाही, कॉमन स्कोल्ड हा चक्क गुन्हा होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडून शांतता बिघडवते म्हणून बाईवर खटला, आणि शिक्षा म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लावलेल्या खुर्चीत बसवून सगळ्यांसमोर पाण्यात बुडवून काढायचं. १८२९ साली वॉशिंग्टनमधे ॲन रॉयल या साठीतल्या पत्रकार बाईंना याच आरोपाखाली दोषी ठरवलं होतं. बुडवायच्या खुर्चीपर्यंत गोष्ट गेली होती, शेवटी १० डॉलर दंडावर सुटका झाली. इंग्लंडमधे हा गुन्हा कायद्यातून निघाला तो थेट १९६७ साली. त्यामुळे आजही कोणा बाईला अ स्कोल्ड म्हणणं हे स्कोल्ड करण्यापेक्षा जास्त टोचतं, नाम म्हणून हा शब्द वापरू नकाच.

पायरी ४: शिक्का मारलेले शब्द

इथे ऑफिस, कोर्ट, सैन्य, संसद वगैरे येतं.

रिप्रिमांड म्हणजे अधिकाराने दिलेली ताकीद, बऱ्याचदा लेखी, फाइलला लागणारी. मॅनेजर केबिनमधे ओरडला तर तो रिप्रिमांड नाही, एचआरकडून पत्र आलं तर आहे. सहकाऱ्याने मेलमधे तुम्हाला "वॉज रिप्रिमांडेड" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की कारवाई झाली. म्हणून नुसतं बोलणं बसलं असेल तेव्हा हा शब्द स्वतःबद्दल कधीही वापरू नका, फुकट रेकॉर्ड खराब.

ॲडमॉनिश याचं मूळ लॅटिन मोनेरे, म्हणजे सावध करणं. मॉनिटर हा शब्दही त्याच घरातला, वर्गाचा मॉनिटर म्हणजे मुळात सावध करणारा. त्यामुळे ॲडमॉनिशमधे राग कमी आणि सूचना जास्त, आपलं समज देणं. अमेरिकी कोर्टाच्या बातमीत "जजने ज्युरीला ॲडमॉनिश केलं" वाचलं की मला आधी वाटायचं ज्युरीने काय गोंधळ घातला, पण तिथे जज फक्त बजावत असतो की बाहेर कोणाशी केसबद्दल बोलायचं नाही. कोणी चुकलेलं नसतं.

रिब्यूक छोटा आणि धारदार. एक-दोन वाक्यांत संपतो. कोणी वीस मिनिटं बोलत राहिला तर तो रिब्यूक नव्हे. राजकारणाच्या बातम्यांत तर न बोलताही रिब्यूक होतो, मतदारांनी पक्षाला पाडलं की ते पण रिब्यूकच.

सेन्शर आणि सेन्सर हे दोन वेगळे शब्द आहेत आणि भले भले इथे घसरतात. सेन्सर म्हणजे काटछाट, सिनेमातला सीन उडवणं. सेन्शर म्हणजे एखाद्या सभागृहाने किंवा संस्थेने अधिकृतपणे ठपका ठेवणं. यात शिक्षा अशी काही नसली तरी चालते, नुसते शब्द, पण ते शब्द किती लागतात ते बघायचं असेल तर अँड्र्यू जॅक्सनचं उदाहरण घ्या. १८३४ साली अमेरिकी सिनेटने या राष्ट्राध्यक्षाला सेन्शर केलं, पद गेलं नाही, दंड झाला नाही, काहीच नाही. तरी त्याच्या बाजूच्या लोकांनी तीन वर्षं झगडून १८३७ साली तो ठराव नोंदीतून रद्द करून घेतला. १९५४ साली सिनेटर जोसेफ मॅकार्थीवर सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी ठराव केला, जग त्याला सेन्शर म्हणतं, पण ठरावाच्या शेवटच्या मसुद्यात शब्द कंडेम असा पडला, आणि यावरून सेन्शर झालं की नाही असा कीस पण लोकांनी पाडला. असो, आपल्याला एवढंच लक्षात ठेवायचंय की सेन्शर एकटा माणूस करत नाही शक्यतो, सभा करते.

रिप्रोच या सगळ्यात मवाळ, पण मनाला लागणारा. यात राग कमी, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" जास्त. नुसत्या नजरेनेही रिप्रोच करता येतं.

पायरी ५: जड तोफा

हे शब्द परीक्षांच्या यादीत पहिल्या पानावर असतात आणि पाठ करणारी मंडळी ते लगेच घरी वापरून बघतात. "माय मदर एक्सकोरिएटेड मी फॉर वेकिंग अप लेट." अरे बाबा, तू जिवंत आहेस ना?

एक्सकोरिएट फोडून बघा. एक्स म्हणजे बाहेर, कोरियम म्हणजे कातडं. कातडं सोलून काढणं, म्हणजेच सालटी काढणं, म्हणजेच खरडपट्टी! डॉक्टरी भाषेत आजही खाजवून खाजवून कातडी निघते त्याला एक्सकोरिएशनच म्हणतात, रिपोर्टवर हा शब्द दिसला तर डॉक्टरने तुमच्यावर टीका केलेली नाही. मला ही जोडी सापडली तेव्हा इतका आनंद झाला की त्यानंतर तो शब्द कधी विसरलोच नाही. हा शब्द बहुतेक वेळा जाहीर, सविस्तर, मुद्देसूद सोलण्यासाठी येतो, जसं चौकशी अहवालाने कंपनीच्या व्यवस्थापनाला सोललं. उशिरा उठण्यासाठी नाही.

कॅस्टिगेटचं मूळ कास्टुस, म्हणजे शुद्ध. कॅस्टिगेट म्हणजे मुळात शुद्ध करण्यासाठी दिलेली शिक्षा, आणि चॅस्टाइज, चेसन ही त्याची भावंडं. त्यामुळे या शब्दांत एक वडिलकीचा, "तुझ्या भल्यासाठीच बोलतोय" असा सूर आहे. चेसन्ड झालेला माणूस म्हणजे फटका खाऊन जमिनीवर आलेला, शहाणा झालेला.

लॅम्बेस्ट सतराव्या शतकातला, लॅम म्हणजे बडवणं आणि बेस्ट म्हणजे पण बडवणंच, म्हणजे दोनदा बडवणं. आज मार बिर काही नाही, नुसती जाहीर टीका, कोणा लेखकाने, विरोधी नेत्याने, समीक्षकाने केलेली. समोरासमोर असायची गरज नाही.

बिरेट म्हणजे रागाच्या भरात, बराच वेळ, बऱ्याचदा चारचौघांत ताडताड बोलणं. ग्राहक काउंटरवरच्या पोराला बिरेट करतो. यात वाचणाऱ्याची सहानुभूती आपोआप ऐकून घेणाऱ्याकडे जाते, हे ध्यानात ठेवा, कारण "मॅनेजर बिरेटेड हिम" लिहिलंत तर तुम्ही नकळत मॅनेजरला वाईट ठरवलंत. "रिप्रिमांडेड हिम" लिहिलंत तर नाही. प्रसंग तोच.

अपब्रेड जुना झालाय, पुस्तकी, आतला ब्रेड ऐकून अर्थाचा वेणी घालण्याशी संबंध जोडू नका. चाइड पण पुस्तकी पण गोड, हलकेच रागे भरणं.

पायरी ६: लांबलचक चालणारं बोलणं

क्रियापद आणि भाषण यात फरक करा. टिरेड म्हणजे एका दमात सुटलेला तोंडाचा पट्टा, तोंडीच जास्त करून. डायट्राइब लेखी पण असू शकतो, आणि गंमत म्हणजे ग्रीकमधे या शब्दाचा अर्थ नुसता वेळ घालवणं, अभ्यास, चर्चा असा होता, इतका सज्जन शब्द पुढे एवढा बिघडला. हॅरँग म्हणजे गर्दीसमोर किंवा एकट्याला कोपऱ्यात गाठून जोरजोरात ऐकवत राहणं, ऐकणाऱ्याला सुटका नसते. रँट तर सगळ्यांना माहितीच आहे, त्याला समोर कोणी लागतही नाही, माणूस ट्रॅफिकवर पण रँट करतो.

फिलिपिक क्वचित दिसतो पण त्याच्यामागे जीव गेलाय म्हणून सांगतो. इसवी सनापूर्वी ३५१ साली अथेन्सच्या डेमॉस्थेनिस या वक्त्याने मॅसिडोनियाच्या फिलिप राजाविरुद्ध पहिलं जळजळीत भाषण केलं, अशी आणखीही केली, ती फिलिपच्या नावावरून ओळखली गेली. तीनेकशे वर्षांनी रोममधे सिसेरो या वक्त्याने मार्क अँटनी या नेत्याविरुद्ध १४ भाषणं रचली आणि त्यांना हेच नाव पडलं. भाषणं गाजली, पण इसवी सनापूर्वी ४३ साली अँटनीच्या माणसांनी सिसेरोला मारलं आणि त्याचं मुंडकं आणि हात रोमच्या चौकातल्या भाषणाच्या व्यासपीठावर लावले. तेव्हा फिलिपिक हा शब्द तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमधल्या भांडणासाठी वापरायचा का ते तुम्ही ठरवा. मी एकदा वापरलाय, विनोद म्हणून.

जेरेमायड म्हणजे बायबलमधल्या जेरेमाया या संदेष्ट्याच्या नावावरून, सगळं रसातळाला चाललंय असा लांबलचक विलाप. यात एका माणसाला झापणं नसतं, अख्ख्या काळाला असतं. आणि इन्व्हेक्टिव म्हणजे शिव्याशापांनी भरलेली भाषा, विट्रिऑल म्हणजे त्यातलं ॲसिड, आणि हे अलंकारिक नाही, गंधकाम्लाला पूर्वी ऑइल ऑफ विट्रिऑलच म्हणायचे. विट्रिऑलिक मेल म्हणजे ॲसिड फेकल्यासारखा मेल.

पायरी ७: शेपटं बरोबर लावा

शब्द बरोबर आणि त्याच्या मागचं ॲट, फॉर, ऑन चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. आपली सगळ्यात मोठी चूक म्हणजे "ही शाउटेड ऑन मी". आपण माझ्यावर ओरडला म्हणतो ना, तो वर तसाच ऑन होऊन उतरतो. इंग्रजीत शाउट ॲट. आणि शाउट टू म्हणजे वेगळंच, लांब उभ्या असलेल्याला ऐकू जावं म्हणून हाक मारणं, त्यात राग नाही. येल, स्क्रीम, लॅश आउट, स्वेअर या सगळ्यांना ॲट. रेल आणि इन्व्हे, म्हणजे तावातावाने विरोधात बोलणं, यांना अगेन्स्ट. टेअर आणि ले यांना इंटू, म्हणजे "शी टोअर इंटू हिम", तुटून पडली. कारण सांगायला जवळपास सगळीकडे फॉर, "रिप्रिमांडेड फॉर कमिंग लेट". इथे बिकॉज लावलं तर चूक नाही पण हात जड वाटतो.

टेल ऑफ, च्यू आउट, बॉल आउट (हेही ओरडून झापणंच, चेंडूचा बॉल नव्हे), ड्रेस डाउन यात माणूस मधे बसतो: टोल्ड मी ऑफ, ड्रेस्ड हिम डाउन. ड्रेस डाउनची नामाच्या रूपात फार मजा होते. ड्रेसिंग-डाउन म्हणजे खरडपट्टी, आणि ड्रेस-डाउन फ्रायडे म्हणजे शुक्रवारी ऑफिसला साधे कपडे घालून यायची मुभा. मधल्या त्या इंग एवढ्या अक्षरांनी टी-शर्टचं भांडण होतं.

याच पायरीत आपले सरळ उचललेले शब्द पण घालतो. "ही अब्यूज्ड मी" आपण शिवी दिली या अर्थाने म्हणतो, पण बाहेर अब्यूज म्हटलं की लोकांना मारहाण किंवा त्याहून वाईट काहीतरी सुचतं आणि ते पोलिसांचा नंबर शोधायला लागतात. शिवी दिली म्हणजे "स्वोअर ॲट मी". कॉल नेम्स म्हणजे नावं ठेवणं नव्हे, ते गाढव, मूर्ख असं काहीबाही म्हणून हिणवणं. आपलं नावं ठेवणं, म्हणजे पोहे चांगले झाले तरी मीठ कमी म्हणणं, त्याला फाइंड फॉल्ट किंवा नुसतं निटपिक. आणि इन्सल्ट केला म्हणजे अपमान केला, झापण्यात अपमान झालाच पाहिजे असं नाही, दोन्ही मिसळू नका.

पायरी ८: वाक्प्रचार, पण गोष्टीसकट

वाक्प्रचार नुसते पाठ केले तर दुसऱ्या दिवशी उडतात. रीड द रायट ॲक्ट घ्या. ब्रिटनमधे १७१५ च्या ऑगस्टपासून रायट ॲक्ट नावाचा कायदा लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं जमून दंगा करायला लागली की मॅजिस्ट्रेटने त्यांच्यासमोर उभं राहून ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा: राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा, घरी जा, शेवटी गॉड सेव्ह द किंग. त्यानंतर एक तास. तासाभराने जे तिथे उरले ते मृत्युदंडाला पात्र. आता तो माणूस डोळ्यासमोर आणा, समोर दगड घेतलेली गर्दी, आणि हा हातातला कागद शब्द न चुकवता वाचतोय, कारण वाचनात गॉड सेव्ह द किंग राहून गेलं म्हणून पुढे शिक्षा रद्द झाल्याचीही उदाहरणं आहेत. यावरून आज आई दोन भांडणाऱ्या पोरांना रायट ॲक्ट वाचते म्हणजे शेवटचं बजावते, यापुढे आवाज आला तर बघा. म्हणजे यात झालेल्या चुकीपेक्षा पुढची धमकी महत्त्वाची. नुसतं झापलं तिथे हा वापरायचा नाही.

कॉल ऑन द कार्पेट म्हणजे साहेबाने बोलावून जाब विचारणं. स्लॅप ऑन द रिस्ट म्हणजे नावापुरती शिक्षा, आणि हा जवळजवळ नेहमी तक्रारीच्या सुरात येतो, एवढा घोटाळा करून फक्त मनगटावर चापटी. हॉल ओव्हर द कोल्स म्हणजे फैलावर घेणं, निखाऱ्यांवरून ओढत नेणं. फुटबॉल बघणाऱ्यांना हेअरड्रायर ट्रीटमेंट माहिती असेलच, मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन खेळाडूच्या तोंडाशी तोंड नेऊन असे ओरडायचे की केस वाळावेत. आता तो फुटबॉलबाहेरही चालतो.

हेडलाइनमधले शब्द पटकन सांगून टाकतो. स्लॅम, ब्लास्ट, रॅप, फ्ले हे तिथे आहेत कारण ते छोटे आहेत, जागा कमी लागते. "मिनिस्टर स्लॅम्स रिपोर्ट" वाचून मंत्र्याने टेबल आपटलं असं समजू नका, बहुतेक वेळा तो शांतपणे एवढंच म्हणालेला असतो की मी सहमत नाही. बोलताना हे शब्द वापरले की माणूस बातमी वाचतोय असं वाटतं.

पायरी ९: एकच प्रसंग पाच वेळा लिहा

मला स्वतःला सगळ्यात जास्त फायदा या सरावाचा झाला. माझाच तो शुक्रवार घेऊ. रिपोर्टमधे आकडे चुकले, मॅनेजर बोलला. आता हेच कोणाला सांगायचंय ते बदलत जा आणि दर वेळी क्रियापद बदला.

मित्राला: "गॉट च्यूड आउट ओव्हर दॅट रिपोर्ट." यात थोडी लाज, थोडं हसू, बास. इथे फॉर पण चाललं असतं, ओव्हर जरा जास्त बोलीतलं.

परदेशी सहकाऱ्याला कॉलवर: "माय मॅनेजर वॉजन्ट हॅपी विथ द रिपोर्ट." हे वाक्य नीट बघा, यात रागावण्याचा एकही शब्द नाही. कामाच्या इंग्रजीत झापलेलं बऱ्याचदा असंच सांगतात, नॉट हॅपी, हॅड अ वर्ड विथ मी, रेझ्ड सम कन्सर्न्स. हॅड अ वर्ड म्हणजे एक शब्द बोलला असं नाही, बाजूला घेऊन कान टोचले. तुमच्याबद्दल कोणी "आय हॅव सम कन्सर्न्स" लिहिलं तर निवांत बसू नका.

एचआरला, काही झालंच असेल तर: मॅनेजर काय म्हणाला ते शब्द जसेच्या तसे, अवतरणात. बिरेट नाही, ह्युमिलिएट नाही, काहीच नाही. "ही रेझ्ड हिज व्हॉइस अँड सेड..." आणि पुढे त्याचं वाक्य. रंगवलेलं क्रियापद टाकलंत की चर्चा त्या शब्दावर जाते आणि घडलेलं बाजूला राहतं.

डायरीत: इथे बिरेटेड लिहा, एक्सकोरिएटेड लिहा, सिसेरोला बोलवा, कोण बघतंय.

पाचवं मॅनेजरच्या बाजूने लिहायचं, आणि इथे मला वेळ लागला. त्याने त्याच्या वरच्याला काय सांगितलं असेल? "आय स्पोक टू हिम अबाउट द एरर्स." स्पोक टू हिम, एवढंच. माझ्यासाठी जी खरडपट्टी होती ती त्याच्या बाजूने बोलणं झाली. आता कोणी मला सांगितलं की मी त्याच्याशी बोललोय, तर मी आधी विचारतो, किती मोठ्याने.